मोटारीच्या लाइनवरची प्रयोगशाळा

डॉ. मंदाकिनी लोहकरे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी ओतूरला राहत्या घरी हृदयविकाराने गेली. वय सेहेचाळीस. तिच्या कॉलेजच्या शिपायाचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात कांद्याचे भाव लिहून घेत होतो. त्याने आधी विचारलं, "तुमी बसलाय का उभं?" मग सांगितलं.

आम्ही एका वर्गात शिकलो. ती आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, घरी भाताची खाचरं आणि बांधावर हिरड्याची झाडं. पुण्यात डॉक्टरेट करून ती आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला परत आली आणि कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळमाश्या पाळायला लागली. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या. त्यांना ती मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालायची. शेडमध्ये शिरलं की आंबूस वास नाकात बसे, आणि मी नाक धरलं की ती म्हणे, "पत्रकार, राजकारण्यांच्या घरी नाही धरत ते?"

अळीची माशी होताना एक पेशी दुसरीला निरोप कसा देते, यावर तिचं काम होतं. पेशीच्या पृष्ठभागावर निरोप घेणारे रेणू असतात, ते ग्राही. मला ती दाराच्या कडीचं उदाहरण द्यायची. कडी वाजली की पेशी बहुतेक वेळा कडीच आत ओढून घेते. नाहीतर बाहेरचा वाजवत राहील आणि आतलं काम चालूच राहील. काही दारांची रीत मात्र उलटी. तिथे कडी आत ओढली गेल्याशिवाय निरोप आत पोचतच नाही. पंखाची कड अशाच एका निरोपावर ठरते. तिच्या माश्यांमध्ये ही ओढण्याची क्रिया उष्णतेत बंद पडे, आणि मग पंख कातरल्यासारखे निघत. हिरड्याच्या काढ्याने हा दोष कमी होतो का, हे तिला पाहायचं होतं. हिरडा तिच्या घरचा होता.

कमी झाला. काढा दिलेल्या माश्यांचे पंख बरेच सरळ निघाले. शोधनिबंध छापून आला; त्यावर प्रथेप्रमाणे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांचंही नाव होतं. बातमी मी दिली, पहिल्या पानावर.

चूक शेजारच्या बबनरावांनी काढली. शेडची वीज त्यांच्या विहिरीच्या मोटारीच्या लाइनवरून घेतलेली. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बबनराव तिच्याकडे चहाला आले असताना तिची वही चाळत होते, आणि म्हणाले, "मॅडम, एक इचारू? मला रातच्याला पाणी भराय लागतं ना, नेमकी त्याच हप्त्यात तुमच्या माश्यांची पंखं फाटकी. त्यांनाबी जागरण बाधतंय का काय?"

ती हसली, आणि हसता हसता तिने वही त्यांच्या हातून ओढून घेतली...

माश्यांच्या बाटल्या विजेवरच्या थंड पेटीत ठेवायच्या; तिच्यात सगळ्या मावत नसत, म्हणून एका आठवड्यात एकच गट लागे. हिरडा मिक्सरमध्ये वाटावा लागे, आणि मिक्सरला दिवसा वीज हवी. त्यामुळे हिरड्याच्या बाटल्या कायम दिवसपाळीच्या आठवड्यात, पेटी थंड असताना. साध्या बाटल्या रात्रपाळीच्या आठवड्यात, दिवसभर बंद पेटीत, उन्हात तापलेल्या पत्र्याखाली. पंख हिरड्याने जुळले नव्हते. गारव्याने जुळले होते. तिने दोन्ही गट एकाच आठवड्यात ठेवून प्रयोग पुन्हा केला, तीनदा. फरक शून्य.

तोवर संस्थेने गरोदर बायांसाठी हिरड्याच्या चूर्णाची पाकिटं काढली होती. 'बाळाचे अवयव नीट घडण्यासाठी.' मागच्या बाजूला शोधनिबंधाचा उल्लेख आणि तिचं नाव. ती संचालकांकडे गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून मीही बरोबर होतो. निबंध मागे घेऊ, पाकिटं थांबवा, एवढंच तिने मागितलं. संचालकांनी आमच्यासाठी उसाचा रस मागवला. म्हणाले, "मॅडम, चूक माशीच्या पंखात झाली ना? बायांना कुठं पंख असतात? कशाला एवढं मनाला लावून घेता?"

"मग पाकिटावर बाईचा फोटो का? माशीचा छापा," ती म्हणाली.

ते खळखळून हसले. तिच्या विनोदबुद्धीचं कौतुक करत त्यांनी रसाचा ग्लास पुढे सरकवला. त्या हसण्याची शिसारी मला आजही येते.

बाहेर आल्यावर तिने मला बातमीची दुरुस्ती छापायला सांगितलं. आधी निबंध मागे घेतला जाऊ दे, मग छापू, असं मी म्हणालो. वृत्तपत्रात असंच चालतं, हे खरं आहे. संस्थेच्या जाहिराती आमच्याकडे येतात, हेही खरं आहे. तिने नियतकालिकाला पत्र लिहिलं. सगळ्या लेखकांच्या सह्या हव्यात, असं उत्तर आलं. दुसरी सही मिळाली नाही. त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. तिच्या हार घातलेल्या फोटोशेजारी टेबलावर पाकिटं रचून ठेवली होती. संचालक वीस मिनिटं बोलले. तिचा शोध डोंगरातल्या प्रत्येक मातेपर्यंत नेणं हीच श्रद्धांजली, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. जाताना प्रत्येकाला एक पाकीट देण्यात आलं. तिच्या आईच्या हातातही एक ठेवलं गेलं. म्हातारीला वाचता येत नाही. तिने शेजारणीला विचारलं, कळल्यावर मोठ्याने म्हणाली, "पोटुशीला हिरडा? आवं, पोट साफ व्हायला देतो आमी त्यो! पोटुशीला आमच्यात हात लावू देत न्हाईत. माज्या मंदाला ठावं व्हतं की हे."

माईकवरच्या बाईंनी पसायदान सुरू केलं.

दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी लिहून दिली. चार ओळींची. अद्याप छापून आलेली नाही.

या सोमवारी मंचरच्या एका औषध दुकानात मी चूर्णाचं पाकीट विकत घेतलं. छपाई नवी आहे. मागच्या बाजूला तिच्या नावाआधी आता 'कै.' आहे.