पसरणी घाटात एकशे चौतीस

माझ्या गाडीला ऑइल कूलर लागतो, हे मला ज्या माणसाने पहिल्यांदा सांगितले, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर त्याचाच पुरुषभर उंचीचा फोटो होता. मी तिथेच सावध झालो.

साताऱ्याबाहेर हायवेलगत त्याचे काचेचे दुकान आहे. दारातल्या फ्लेक्सवर कूलर बसवून घेतलेल्या ग्राहकांचे फोटो आणि खाली ‘हार्दिक अभिनंदन’. गाडी परत देताना मालकाला फेटा बांधतात, शाल आणि नारळ देतात. मी सांगलीच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला. जिथे फेटे लवकर निघतात तिथे पुरावे उशिरा निघतात, एवढे त्यातून शिकलो.

मी गेलो होतो साधा फिल्टर घ्यायला. माझी गाडी दोन माणसांची, बुटकी, परदेशी बनावटीची आणि वयाने माझ्या मुलीएवढी. तिच्यात बसताना आधी गुडघे आत पाठवावे लागतात, मग उरलेला माणूस. दुकानदार बॉनेटखाली वाकला आणि घरात देवघर नाही का, अशा सुरात म्हणाला, “सर, कूलर नाही?”

“कंपनीने दिला नाही.”

“कंपनी थंड देशातली. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना काय माहीत? घाटात ऑइल पाण्यासारखं पातळ होतंय.”

“माझं ऑइल किती तापतं?”

“लय तापतं, सर.”

“म्हणजे किती?”

तो जरा दुखावला. “या गाडीला लागतोच, सर. आणि तुमच्यासारख्या माणसाला शोभतो पण.”

शोभणाऱ्या वस्तूंची मला आधीपासून धास्ती आहे. फिल्टर घेऊन मी निघालो, पण कराड येईपर्यंत मन थाऱ्यावर नव्हते. कारण होते. दोन वर्षांपूर्वी या इंजिनाचे बेअरिंग वाजू लागले होते. तेव्हा क्रँक, म्हणजे त्या बेअरिंगांत फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, घासून नवी बेअरिंग घातली आणि घासणाऱ्याने स्वच्छ सांगितले, की हे शेवटचे माप. यापुढे घासायला लोखंड उरलेले नाही, आणि दुसरा क्रँक कुठे मिळत नाही. म्हणजे ऑइल खरेच पातळ होत असेल आणि बेअरिंग पुन्हा गेले, तर गाडी संपली. दुकानदार खोटा असू शकतो. पण खोटा माणूस कधीमधी चुकून खरे बोलतो, ही अडचण.

ते इंजिन बांधले होते माधवनगरच्या मिस्त्रींनी. बंद पडलेल्या गिरणीत ते फिटर होते, आता ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांच्या आवारात माझी गाडी दोन ट्रॅक्टरच्या मधे उभी असते आणि चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी दिसते. कूलरचे विचारताच ते म्हणाले, “कायबी गरज न्हाई.”

नकार फार लवकर आला. मला त्याचाही संशय आला. त्यांनी बांधलेल्या इंजिनाला आणखी काही लागते का, हे विचारणे म्हणजे सुगरणीच्या पुढ्यात मीठ मागणे. एकाचा होकार विक्रीतून आलेला, दुसऱ्याचा नकार अभिमानातून, आणि मोजले कोणीच नव्हते.

“मिस्त्री, ऑइल किती तापतं ते कधी बघितलंत?”

“आवं सर, हात लावला की कळतंय.”

“हाताला ऐंशी काय आणि एकशे तीस काय, चटकाच बसणार.”

ते हसले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावून घेतले. हातात तबकडीचा थर्मामीटर होता, त्याला हातभर लांब, बारीक स्टीलची दांडी. त्यांच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळावरचा. उकळता रस गुळाला कधी आला हे पूर्वी गुळवे चिमटीत पाक धरून सांगत. आता मेव्हणा काट्याकडे बघतो आणि एकशे अठराच्या आसपास कढई उतरवतो. इंजिनातले ऑइलही साधारण त्याच टापूत तापते. “म्हणून आणला,” मिस्त्री म्हणाले. “फकस्त दांडीचा गूळ पुसून घ्या.”

ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून त्याच नळीतून ती दांडी खाली सोडायची, अशी योजना. तासगावपर्यंत जाऊन आलो आणि लगेच मोजले. शहाण्णव. मिस्त्रींनी चहा मागवला.

मी दरम्यान वाचन केले. गाडीच्या पुस्तकात ऑइलची मर्यादा एकशे तीस दिली होती आणि कूलरचा उल्लेख फक्त शर्यतीच्या प्रकरणात होता. इंटरनेटवर जगभरचे गृहस्थ एकमेकांची अक्कल काढत होते. त्या धुरळ्यातून एक गोष्ट हाती लागली. ऑइल फार थंड राहणेही वाईट. माझ्यासारखा माणूस बाजारापर्यंत जाऊन परत येतो. तेवढ्यात ऑइल पुरते तापले नाही तर आतला ओलावा उडत नाही आणि सायीसारखा चिकटा धरतो. नको तिथे कूलर बसवला तर शोभाही होणार आणि नुकसानही.

प्रकरण इथे मिटायला हवे होते. पण तासगावचा रस्ता सपाट आहे, आणि माझा सपाट रस्त्यावरच्या पुराव्यावर विश्वास नाही. जानेवारीत वाईला एका मुंजीला जायचे होते. मी थर्मामीटर बरोबर घेतला, जेवण उरकले आणि पसरणी घाट चढलो.

वरच्या वळणावर थांबून दांडी सोडली. काटा शंभरावर थांबला नाही, एकशे वीसवरही नाही. एकशे चौतीस. ऑइलच्या दाबाचा काटा मी आजवर कधी पाहिला नव्हता इतका खाली बसला होता. शेजारी स्ट्रॉबेरी खात उभ्या असलेल्या पर्यटकांपैकी एकाने विचारले, “काका, आत काय शिजतंय?” मिस्त्रींचा नकार, माझे वाचन, सगळे त्या तबकडीवर उताणे पडले होते.

तासभर इंजिन निवू दिले आणि हळूहळू उतरून थेट साताऱ्याचे दुकान गाठले. आकडा ऐकून दुकानदाराचा चेहरा फुलला.

“मी काय म्हणलो होतो, सर?” त्याने कारागिराला हाक मारली. “गाडी वर घे रं. आणि सरांची शाल काढून ठेव.”

कूलर बसतो गाडीच्या नाकात, समोरच्या जाळीच्या आत, वारा घेत. जागा करायला कारागिराने समोरची जाळी काढली. तिच्यामागे आणखी एक जाळी होती. बारीक, मच्छरदाणीसारखी, तारेने नीट आवळलेली. तिच्यावर उसाचे पाचट, चिपाडाची भुकटी आणि धूळ यांचा बोटभर जाड थर बसला होता. हंगामात कराडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून मी दोन महिने हिंडत होतो, त्याचा हा जमाखर्च. वारा आत जायला फटसुद्धा नव्हती.

कारागिराने ती जाळी कोपऱ्यात फेकली. “हितं बसतोय की कूलर.”

“थांबा,” मी म्हणालो. “ही जाळी काढल्यावरही ऑइल तेवढंच तापेल का?”

दुकानदार म्हणाला, “सर, आता काढलीच आहे तर बसवून घ्या. गाडी थंड पडली की नाही बघा मग.”

थंड तर पडणारच होती. जाळी गेली म्हणून पडली असती आणि फ्लेक्सवर अभिनंदन कूलरचे झाले असते. मी पाचटासकट जाळी वर्तमानपत्रात गुंडाळली, ती शेजारच्या सीटवर ठेवली आणि सांगलीला आलो.

मिस्त्रींनी पुडके उघडले आणि तारेचे पीळ बोटाने चाचपले. मग म्हणाले, “मीच बांधली ती. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला.”

“मला सांगितलं नाहीत.”

“त्यात सांगायचं काय, सर? हंगाम लागला की सगळ्या ट्रॅक्टरास्नी बांधतो. रेडिएटरात पाचट जाऊ नये म्हणून. ट्रॅक्टरवाला रोज सांजच्याला झाडतो ती.” त्यांनी जाळी आपटून पाचट झाडले. “तुमाला कोण सांगणार झाडायला.”

मला राग येण्याआधीच ते उठले. “आणा तो कूलर. मी सवता बसवतो. माझ्या हातनं इंजिन जायला नगं.”

हा होकार मला त्यांच्या पहिल्या नकाराइतकाच संशयास्पद वाटला. तेव्हा अभिमान बोलत होता, आता अपराधी मन. मोजलेले अजूनही नव्हते. मी म्हणालो, “रविवारी माझ्याबरोबर पसरणीला चला. आकडा बघू आणि ठरवू.”

रविवारी ते शेजारी बसून आले, गुडघे छातीशी घेऊन. रस्ताभर ते इंजिनात बारीक ठोका येतो का, हे ऐकत होते. मी घाट मुद्दाम दाबून चढलो. वरच्या वळणावर त्यांनी स्वतः दांडी सोडली. बघितली, पुसली, पुन्हा सोडली.

“एकशे आठ.”

मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. दाबाचा काटा जागेवर होता. “बेअरिंगला काय झालं न्हाई,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखे दिसले.

“उन्हाळ्यात किती जाईल?”

“धरा अजून बारा-पंधरा.”

“म्हणजे एकशे वीस-बावीस.”

“मग न्हाई लागत कूलर.” थोड्या वेळाने म्हणाले, “शर्यत लावायची नसंल तर.”

“या वयात?”

“तुमचं काय सांगावं, सर. तुमी गुळाचा थर्मामीटर घिऊन मुंजीला गेलाय.”

बॉनेट लावून त्यांनी हात पुसले आणि चावीसाठी एक हात पुढे केला. सहा वर्षांत त्यांनी ही गाडी आवाराच्या फाटकाबाहेर कधी चालवली नव्हती. मी चावी दिली. कूलरचे मिटले होते. पण वाईपर्यंतची वळणे त्यांनी अशी काही घेतली, की मला ब्रेकबद्दल शंका येऊ लागली.