मूळ कागदाला पेन्सिल न लावणारे धुरी सर

धुरी सरांची आणि माझी पहिली भेट परळला, त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात झाली. प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज मधेच सोडलं होतं. जिच्यावर जीव जडला होता तिने स्पष्ट सांगितलं होतं, "आधी एका जागी वर्षभर टिकून दाखव, मग बोल." सरांनी मार्कशीट मागितली नाही. "चूक केलीस तर सांगशील ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

सर मूळचे गिरणीच्या डिझाइन खात्यातले. संप झाला, त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मग लालबागहून ठाकूरद्वारच्या क्लासला चालत जाऊन, निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसून ते कॉम्प्युटर शिकले. आज साठीतही नवं काही आलं की आमच्या आधी त्यांचं वाचून झालेलं असतं. मला याचं अजून नवल वाटतं.

दादरच्या एका डॉक्टरांसाठी आम्ही पेशंटांच्या यादीचा स्क्रीन करत होतो. सगळ्या ओळी हिरव्या. तो हिरवा रंग सरांनी सगळ्या ओळींसाठी मिळून एकाच ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कप्प्यात, ठेवून फ्रीझ केलेला, म्हणजे कोणालाच बदलता येऊ नये असा. मला तातडीच्या पेशंटची ओळ लाल करायची होती. रंगाला हात लावला की प्रोग्राम बंद पडे. माझं डोकं सटकलं. मी फ्रीझची ओळच उडवली, यादीत एकच पेशंट घालून बघितलं, ओळ लाल झाली. खूश.

दवाखान्यात यादी भरलेली होती. सगळीच्या सगळी लाल झाली.

"धुरी, तुम्ही तर माझी अख्खी ओपीडी आयसीयूत टाकलीत," डॉक्टर म्हणाले.

"चूक माझी आहे, डॉक्टर. उद्या बरोबर करून आणतो," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

ऑफिसात येऊन मी बॅग उचलली.

"खंय चललंस?"

"घरी. तुमचं नाव घालवलं मी."

"नाव माझं आहे, ते मी बघतो. तू बस."

त्यांनी खणातून चौकटींचा एक पिवळा पडलेला कागद काढला. "गिरणीत या एका नक्ष्यावर साच्यांची, म्हणजे मागांची, अख्खी रांग चालायची. एका लुगड्याची किनार बदलायची असली तरी मूळ कागदाला पेन्सिल लावायची नाही. नक्कल काढायची. फेरफार नकलेत. आणि ती नक्कल त्याच एका साच्याला लावायची. हे शेवटचं विसरलास तर मेहनत कपाटात."

मी फ्रीझची ओळ परत घातली. हिरव्या रंगाचा क्लोन, म्हणजे नक्कल, काढला. क्लोन फ्रीझ नसतो, तो मुकाट लाल झाला. मग तो त्या एका ओळीला लावला. एक ओळ लाल, बाकी सगळ्या हिरव्या.

"आता यादी भरून तपास," सर म्हणाले. झालेल्या प्रकाराबद्दल त्यानंतर चकार शब्द नाही.

त्याला दोन वर्षं झाली. तिची वर्षाची अट कधीच पुरी झाली आणि मी अजून सरांकडेच आहे. त्यांची एक नक्कल मी माझ्यापुरती काढायला घेतली आहे. तिच्यात पुष्कळ फेरफार व्हायचे आहेत, आणि दर वेळी ताडून बघायला मूळ समोर लागतं. म्हणून सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, यात माझा स्वार्थही आहे.