अकरा वांगी, तेरा पानं

आमच्या आबांनी सातपुड्याच्या जंगलात लाकडं नेली होती. वाचण्यात चूक नाही. जंगलातून आणली नाहीत, जंगलात नेली.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. यावलजवळ त्यांची केळीची बाग होती, आणि घरातल्या चौदा माणसांची आपण फौज चालवतो अशी त्यांची पक्की समजूत होती. दरवर्षी पौषातल्या थंडीत ते ही फौज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून डोंगराच्या पायथ्याशी न्यायचे. तिथून दोन-अडीच तास चढून एका झऱ्यापाशी जायचं आणि भरीत करून खायचं. भरीत बागेत बसूनही झालं असतं. पण आबांच्या मते बागेतलं भरीत नुसतं पोटात जातं, डोंगरावरचं ध्यानात राहतं. आता कबूल करायला हरकत नाही, त्यांचं बरोबर होतं.

तर लाकडांचं असं, की भरताचं वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजायचं, हा आमच्या घरात वादाचा विषय नव्हताच. म्हणून माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, डोक्यावर काड्यांचा हा मोठा भारा घेऊन डोंगर चढायचे. त्या वर्षी पायथ्याशी एक म्हातारा पावरा आदिवासी शेळ्या घेऊन उभा होता. त्याने भारा पाहिला, मग डोंगर पाहिला, मग पुन्हा भारा पाहिला.

"हे कुठं घेऊन चालले, आबा?"

"वर. भरीत करायला."

"वर लाकूड नाही?"

"आहे. पण कपाशी कुठंय?" आबा म्हणाले.

म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. "मग पाणी पण घरूनच आणलं असेल. वर झरा आहे, पण त्याचं पाणी तुम्हाला चालणार नाही."

भाऊ भाऱ्याखाली एवढे हसले की भारा पडायची पाळी आली. आबा हसले नाहीत. सेनापतीने शेळीवाल्याच्या बोलण्यावर हसायचं नसतं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमच्याकडे नुकताच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला होता, आणि आईला तिसरं मूलही नुकतंच झालं होतं. सगळं घर या दोघांकडे बघत बसायचं. घरात मी कुठे बसायचे याची कुणाला कल्पना होती असं मला वाटत नाही. मोठ्यांत मोठी नाही, लहानांत लहान नाही. आबांनी ट्रॉलीतून उतरल्यावर कामं वाटली. भारा भाऊंकडे, भाकऱ्यांचं गाठोडं काकूकडे, भरीत कुटायची लाकडी बडजी अक्काकडे, वांग्यांची पिशवी माझ्या चुलत बहिणीकडे. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली आणि पुढे गेली. मला काम मिळालं नाही. मी सुटले असं बाकीच्या पोरांना वाटलं. मला तसं वाटलं नाही.

अक्का म्हणजे आबा आणि भाऊंची मोठी बहीण. तिला लहानथोर सगळे अक्काच म्हणायचे. शिंदखेड्याला तिचं सासर होतं. नवरा वारल्यावर दोन वर्षांपूर्वी ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या चुलीशी बसली. तेव्हापासून ती तिथेच होती. ती बोलायची कमी, आणि बोलली तर तिकडच्या अहिराणीत, म्हणून पोरं तिची नक्कल करायची. नक्कल सर्वांत चांगली मी करायचे, हे इथे सांगून टाकते.

दुसऱ्या चढाला चुलत बहिणीच्या चपलेने तिचा पाय सोलला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि वांग्यांची पिशवी गुपचूप माझ्या हातात दिली. "घे ना गं. कुणाला सांगू नको. पुढच्या वर्षी मी तुझं काम करीन."

"माझं काम काय आहे?"

"तेच तर. सोपंय."

बामणोदकडची हिरवी, पांढऱ्या रेघांची अकरा वांगी. बाळाच्या डोक्याएवढं एकेक. मी पिशवी डोक्यावर घेतली आणि रांगेत सगळ्यांत मागे राहिले. वाट आता कोरड्या नाल्यातून जात होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, पायाखाली घरंगळणारे गोटे. एका वळणावर हत्तीएवढा एक काळा खडक होता. तो पाहिला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

बेत असा होता. आपण खडकामागे लपायचं. हे लोक वीस पावलं जातील. कुणीतरी मागे वळेल आणि म्हणेल, "अगं, ती कुठंय?" मग माझ्या नावाचा पुकारा होईल, आई रडकुंडीला येईल, भाऊ भारा टाकून पळत येतील, आणि नेमक्या त्या वेळी मी बिबट्याची डरकाळी फोडून बाहेर पडेन. डरकाळीची तालीम मी घरी न्हाणीघरात केलेली होती. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी माझं नाव घेऊन मला हाक मारावी. बाकी सगळी सजावट.

मी लपले. वीस पावलं झाली. मग चाळीस झाली असतील. आबांचा आवाज येत होता, बाळाच्या रडण्याचा येत होता, काकूच्या बांगड्यांचा येत होता. मग फक्त बाळाचा. मग तोही कड्याआड गेला.

आता कुणीही शहाणी मुलगी धावत गेली असती. मी गेले नाही. हाक आल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. स्वतःहून गेले तर लपले होते हे कुणाला कळणारही नव्हतं. दहाव्या वर्षी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, अभिमान मात्र ट्रॉलीभर होता.

सागाचं वाळकं पान गळून पडलं, तर ताट पडल्यासारखा आवाज झाला. समोरच्या झाडावर एक काळतोंड्या वानर येऊन बसला आणि माझ्याकडे बघू लागला. एवढा वेळ नुसतं माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्याला डरकाळी करून दाखवली. चांगली झाली होती. त्याने मांडी खाजवली आणि तोंड फिरवलं.

तेव्हा मात्र मला भीती वाटली. बिबट्याची नाही. वाटलं, हे लोक झऱ्यापाशी पोचतील, जेवतील, खाली येतील, ट्रॉलीत बसतील, घरी जातील, टीव्ही लावतील, आणि उद्या परवा कधीतरी कुणीतरी म्हणेल, आपल्याकडे एक मुलगी होती ना?

मी निघाले. पुढे नाल्याला दोन फाटे होते. मी अर्थातच चुकीचा धरला. थोडं वर गेल्यावर गोटे सुटले, मी गुडघ्यावर आपटले, आणि पिशवीतून दोन वांगी टुणटुण उड्या मारत खाली घळीत गेली. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण आधी मी वांगी आणायला उतरले. एक निवडुंगात सापडलं, एक दगडाच्या कपारीत. मोजली. अकरा. मग कड्याच्या टोकाशी बसून थोडी रडले. खाली तापीकाठचा सगळा मुलूख पसरला होता. केळीच्या बागा हिरव्या ठिगळांएवढ्या दिसत होत्या. त्यांतली आमची कोणती, ते ओळखू येत नव्हतं.

तेवढ्यात घळीच्या पलीकडून धूर वर आला. निळसर, सरळ. कपाशीच्या काड्यांचा धूर मी कुठेही ओळखला असता. ते पोचले होते. त्यांनी जाळ केला होता. आणि कुणी हाक मारली नव्हती.

मग हाक आली.

"वांगी!"

आबांचा आवाज. कड्यावर आपटून तो परत आला. वांगी... वांगी... गी...

"अरे वांगी आणा! काड्या जळून चालल्या! वांगी कोणाकडे?"

सगळा सातपुडा वांग्यांच्या नावाने हाका मारत होता. या कड्यावरून वांगी, त्या कड्यावरून वांगी. माझी चुलत बहीण काहीतरी बारीक आवाजात बोलली असावी, कारण आबा एकदम गरजले, "तिच्याकडे? मग ती कुठंय?" आणि त्यानंतर, अखेर, माझं नाव आलं. डोंगरांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. ज्या गोष्टीसाठी मी सकाळपासून मरत होते ती मिळाली होती, आणि ती वांग्यांच्या मागोमाग आली होती.

मी ओ दिली नाही. धुराच्या रोखाने घळ उतरले, चढले, आणि झुडपांतून बाहेर पडले.

"आली! वांगी आली!" आबांनी दोन्ही हात वर केले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिशवी माझ्या हातातून कधी गेली मला कळलं नाही. आई बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "किती गं रेंगाळतेस!" भाऊ म्हणाले, "फुलं बघत बसली असेल." मी गुडघा दिसेल असा पाय पुढे करून उभी राहिले. कुणी पाहिला नाही, कारण त्या क्षणी दुसरंच संकट उभं होतं. काड्या संपल्या होत्या. एवढा भारा डोंगरावर वाहून आणला, आणि राहिला तो राखेचा ढीग.

आबा राखेकडे पाहत राहिले. मग इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "आसपासची वाळकी लाकडं गोळा करा. आणि यावलात कुणी बोलायचं नाही. खाली तो शेळीवाला भेटला तर त्यालाही नाही."

भरीत तर काय झालं होतं म्हणून सांगू! अक्काने वांगी सोलली, बडजीत मिरच्या-लसूण घालून कुटली, वर पातीचा कांदा आणि शेंगदाणे. नुसत्या वासाने वानरं जमली. अक्काने मघाच पळसाच्या पानांना काटे टोचून पत्रावळी केल्या होत्या आणि झऱ्याकाठी रांगेने मांडल्या होत्या. जो तो धावून बसला.

मी उभीच होते. मी पानं मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेरा. बाळ सोडूनही आम्ही चौदा होतो.

मला आश्चर्य वाटलं नाही. उलट एक प्रकारचं समाधान वाटलं, की चला, आता पुरावा आहे. मी झाडामागे जाऊन बसले. या वेळी लपायला नाही, नुसतीच.

"आठे काय करी ऱ्हायनी?" अक्का भरताचा डाव हातात घेऊन समोर उभी होती. इथे काय करतेस, असं विचारत होती. "चाल. तुनं पान शे तठे."

"नाहीये. एक कमी आहे. मी मोजली."

अक्काने वळून पाहिलं. डावाने हवेत एकेक पान मोजलं. चुलत बहिणीच्या शेजारचं पान रिकामं होतं, ते तिने दाखवलं. ते माझंच होतं. मग तिने पुन्हा मोजलं, आणि तिला एकदम हसू आलं.

"बठ्ठास्ले पान शे," ती म्हणाली. "मनंच ऱ्हायी गयं."

सगळ्यांना होतं. तिचंच राहिलं होतं. पानं तिने लावली होती, आणि माणसं मोजताना तिने स्वतःला मोजलंच नव्हतं. रांगेतल्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. सगळे जेवत होते.

आम्ही दोघी माझ्या पानावर जेवलो, त्याच झाडामागे. तिने लोट्याने माझ्या गुडघ्यावर पाणी ओतलं. कुणी काही विचारत नाही म्हटल्यावर मीच म्हणाले, "अक्का, मी मुद्दाम लपले होते."

तिने भाकरीचा घास केला, भरतात बुडवला, आणि कुणी ऐकत तर नाही ना हे पाहून म्हणाली, "मी बी लपस कधी कधी. कोन्ही धुंडत नही."

मीही लपते, कुणी शोधत नाही. आणि खुदकन हसली. सगळ्या फौजेला ऐकवावी अशी गोष्ट तिने मला एकटीला ऐकवली. त्यानंतर मी तिची नक्कल केली नाही.

उन्हं कलताना फौज खाली निघाली. मी मुद्दाम मागे राहिले, अक्काच्या पुढे चार पावलं. काळ्या खडकापाशी आले तेव्हा मागे बडजीत डाव हलल्याचा आवाज यायचा थांबला. मी वळून पाहिलं. वाट रिकामी.

"अक्का!" मी ओरडले. जोरात. डोंगरांनी ते दोनदा म्हटलं.

खडकामागून एक डरकाळी आली. बिबट्यासारखी मुळीच नाही, पान्हावल्या म्हशीसारखी. मग लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसणारी अक्का बाहेर आली. डोळे पुसत होती, आणि पुसून होत नव्हते.

आम्ही रमतगमत शेवटच्या उताराला लागलो, तेवढ्यात खालून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

"सगळे आले का रे?" आबा विचारत होते.

"आले, आले!" कुणीतरी सांगितलं.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि धावत सुटलो.