दारातल्या वहाणा

कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. मोठी लढाई, म्हणजे पहिले महायुद्ध, सुरू झाली होती आणि आमच्या पलटणीचा ड्राफ्ट, म्हणजे शिपायांची नवी तुकडी, समुद्रापार बसऱ्याला जायचा हुकूम निघाला. जाण्याआधी घरच्यांना भेटायला थोडी रजा मिळाली. मी कोल्हापूरचाच. नाईक गणपत शिरोळचा, शिपाई शिवा हुपरीचा. रजा संपली त्या दिवशी दोघे कोल्हापुरात आले. दुपारच्या गाडीने निघून तिघांनी बेळगावला डेपोत हजर व्हायचे होते. अंगावर साधे कपडे, पायांत वहाणा. बूट डेपोत जमा होते.

गाडीला अवकाश होता, म्हणून मटण खायचे ठरले. मी त्यांना आमच्याच गल्लीतल्या अक्काच्या खानावळीत नेले. अक्का विधवा, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. मला तिने उघडा-नागडा असल्यापासून पाहिलेले. माझे पाहुणे म्हणून तिने दोघांना रस्सा मागेल तेवढा वाढला.

जेवण सरत आले तसा गणपत माझ्या कानाला लागला.

"हात धुवायला परसात जायाचं. तिथनं गडग्यावरनं उडी आन् सुटायचं."

"आन् पैसं?"

"लढाईवर चाललोय की. आमच्याकडनं पैसं घेतीया व्हय ती?"

"मग इचारून बघू."

"इचारायचं कशाला? वहाणा दारात हायत, त्या ठेवून घेऊ दे. बसऱ्यात वहाणा कोण घालतंय?"

शिवा फिदीफिदी हसला. अक्काला सांगावे तर पलटणीतल्या माणसांशी दगा, आणि उद्या याच दोघांच्या शेजारी खंदकात बसायचे. न सांगावे तर या बाईला तोंड कसे दाखवायचे? शिवाय गणपत नाईक, मी शिपाई.

"नाईक, ही माझी गल्ली हाय," एवढेच मी म्हणालो.

"मग तू बस हितंच," तो म्हणाला. दोघे उठले.

मी बसून राहिलो. अक्का भात घेऊन आली, परसात डोकावली आणि परत फिरली.

"पावणं गेलं की रं."

मी कनवटीला होते तेवढे सगळे तिच्यापुढे ठेवले. तिघांच्या जेवणाला ते पुरणार नव्हते. तिने भाताचे भांडे जमिनीवर आदळले.

"तुझ्या वळखीवर वाढलं मी. तुझा बा येईस्तवर हितनं हलू नगंस."

"अक्का, गाडी चुकंल माझी."

"चुकू दे!"

अक्काने वडिलांना निरोप धाडला. ते येईपर्यंत गाडीची शिट्टी ऐकू आली आणि दूर गेली. पैसे त्यांनी दिले.

मी दुसऱ्या दिवशी डेपोत पोचलो. हवालदार मेजर दारातच उभे होते.

"कुठं होतास?"

"जेवत होतो, साहेब."

"कालपासून?"

सोबत्यांची नावे मी घेतली नाहीत. क्वार्टर गार्डमध्ये, पलटणीच्या कोठडीत, बसलो. गणपतने गजांपाशी येऊन मान खाली घालून सांगितले, "लढाईवरनं आल्यावर अक्काचं पाय धरतो." ड्राफ्ट माझ्याशिवाय गेला.

मी पुढच्या ड्राफ्टने बसऱ्याला उतरलो. आमची कंपनी नदीकाठी होती. गेल्या गेल्या दोघांची चौकशी केली. एका लान्स नाईकने हातानेच नदीकडे दाखवले. तोफेचा गोळा खंदकात पडला होता. दोघे शेजारी होते, दोघेही जागीच गेले. तिथे तिसरा मी असतो. हे मी कितीदा स्वतःशी बोललो असेन, आजही त्याचे काय करायचे ते मला कळत नाही.

लढाई संपली. कोल्हापूरला उतरलो तो आधी अक्काकडे गेलो. तिच्या चुलीमागे खुंटीला वहाणांचे दोन जोड टांगलेले. चामडे मऊ, तेलाने काळे झालेले.

"परक्याच्या वस्तू, टाकायच्या कशा? शिव्या घालत तेल लावतीया," ती म्हणाली. "कुठं हायत ते दोघं? या म्हणावं आता न्यायला."

मी सांगितले. अक्का मटकन खाली बसली. "अरं, किती शिव्या घातल्या रं मी त्यास्नी," म्हणून तिने पदर तोंडाला लावला. मग उठून दोन्ही जोड स्वतःच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिले. "ज्येचं त्येच्या घरी पोच कर."

हुपरीला शिवाचे वडील चांदी आटवत होते. त्यांनी जोड घेतला, भात्याशेजारी ठेवला आणि पुन्हा भाता ओढू लागले.

शिरोळला गणपतची आई अंगणात होती. तो गेल्याचा सरकारी कागद तिला कधीच मिळाला होता, लेकाची म्हणून दुसरी वस्तू आली नव्हती. तिने वहाणा मांडीवर घेतल्या. अंगठ्याने झिजलेल्या जागेवरून ती बोट फिरवत राहिली.

"ह्या हितंच ऱ्हायल्या?" तिने विचारले. "अनवाणी गेला व्हय रं माझा गणपा?"

"न्हाय आई. सरकारनं बूट दिलं हुतं. चांगलं हुतं."