लोणारचं लॅव्हेंडर आणि शोभाकाकूंचा तांब्या

लोणारच्या उन्हात लॅव्हेंडर फुललंय, असा मावशीनं फोटो पाठवला तरी मला खरं वाटेना. म्हटलं, डोळ्यांनीच पाहून येऊ. पुण्याच्या माझ्या गच्चीतलं एक रोप तिच्यासाठी पिशवीत घेतलं आणि मे संपता संपता निघाले.

जालन्यापर्यंत ट्रॅव्हल्स, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकी हवी तर स्टँडवर लवकर जा. रोप मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी पान चुरगाळून हुंगलं आणि दवाखाना आठवला म्हणाल्या.

मावशीच्या दारात पोचले तर कुंडीत नुसत्या राखाडी काड्या! काय वाटलं म्हणून सांगू. दोन वर्षं जपलं होतं तिनं. काळ्या मातीत अर्धा मुरूम, विटांचा चुरा, सकाळचं ऊन, दुपारी भिंतीची सावली, आणि माती पार सुकल्याशिवाय पाणी नाही. मला फोटो पाठवला आणि लगेच लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली, ती आदल्याच दिवशी परतली होती. जाताना शेजारच्या शोभाकाकूंना झाडं बघायला सांगितली, पण ही पाण्याची गोष्ट सांगायची राहून गेली. मी कुंडी उपडी केली. मुळं कुजली होती.

"तिले काही सांगू नोको," मावशी हळूच म्हणाली. "जिवाले लावून घेईन ते."

भाकरी-झुणका खात होतो तेवढ्यात शोभाकाकू आल्याच. नळ आठवड्यातून एकदा येतो, तरी रोज आंघोळ झाली की तुळशीला एक तांब्या आणि याला एक, असा त्यांचा नेम होता म्हणे.

"माह्या पिन्याच्या पान्यातलं देल्लं वो ताई. एक दिस सुकू नाई देल्लं. मंग काऊन मेलं?"

मावशी ताटात बघत राहिली. मी म्हणाले, "उन्हानं गेलं हो काकू. तुमचा काय दोष?"

त्यांना हायसं वाटलं. मग पिशवीतलं रोप दिसलं. हे मी जगवते म्हणाल्या आणि उचलून आपल्या तुळशीपाशी घेऊनही गेल्या. मावशीनं माझ्या ताटात आणखी झुणका वाढला.

सकाळी सरोवरावर गेलो. ऊन चढायच्या आत जा, पाणी सोबत ठेवा. मोर दिसले, पण माझं कशात लक्ष नव्हतं. परतताना मावशी एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी रोप आणू नकोस.

तर गरम गावात लॅव्हेंडर लावणाऱ्यांनो, आधी मातीत बोट घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. तुम्हाला हे किती सहज सांगता आलं! ज्या बाईला सांगायला हवं होतं तिच्यासमोर मात्र जीभ उचलली नाही, हे फार लागतंय.

काल शोभाकाकूंचा फोन आला. पानं खालून काळी पडताहेत म्हणाल्या. आता सांगायचंच, असं मी ठरवलं होतं.

"पन तुम्ही फिकर करू नोका," त्या म्हणाल्या. "म्या आता मोठा तांब्या काढला."

मी म्हटलं, "बरं केलंत काकू."