नजमाताईंचा रफू आणि माझं खोटं

रफू कसा शोधायचा हे मला नजमाताईंनीच शिकवलं, आणि त्याच बाबतीत मी त्यांच्याशी खोटं बोललो. ते सांगून टाकल्याशिवाय त्यांच्याबद्दल पुढे काही लिहायचा मला अधिकार नाही.

लक्ष्मी रोडवरून मंडईकडे जाणाऱ्या एका बोळात माझं साड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीला लागून चार बाय पाचची एक टपरी आहे. तिथे नजमा शेख सत्तावीस वर्षं रफू करतात, त्याआधी त्यांचे वडील बसायचे. साडीला, शालीला, कोटाला भोक पडलं की त्याच कापडाच्या दुमडीतून धागे काढायचे आणि उभ्या-आडव्या धाग्यांची वीण मोजून भोक भरायचं, असं हे काम. ताईंचं वय छप्पन्न, अंगानं किरकोळ, बोलणं तोडून. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा लवकर द्या," की त्या सुईवरून नजर न काढता म्हणतात, "मग शिंप्याकडे जा." पेठेत इतकी वर्षं काढल्यावर माणूस आणखी काय शिकणार!

त्यांच्या वडिलांपासून एक रिवाज चालत आलेला होता. काम झालं की कापड थेट गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. आधी ते माझ्या काउंटरवर पसरायचं आणि म्हणायचं, "शोधा, भाऊ." मी ते उजेडात धरायचो, तिरपं करायचो, उलट बाजूनं बघायचो. रफू सापडला तर ताई मुकाट्यानं उसवून पुन्हा करायच्या. केलेलं काम करणाऱ्याला दिसत नाही, दुसऱ्याचे डोळे लागतात, असं त्यांचे वडील सांगत. सत्तावीस वर्षांत मला फार तर वीसेक वेळा सापडला असेल.

गेल्या श्रावणात माझ्या बायकोची, हेमाची, मोरपिशी पैठणी कपाटाच्या खिळ्याला अडकून फाटली. ताईंनी चार दिवसांत आणून दिली. "शोधा, भाऊ." शोधावं लागलंच नाही. खांद्यापाशी बोटभर जागेत धागे सरळ जायचे सोडून किंचित वाकले होते. मी मान वर केली, तर ताई चष्मा कपाळावर चढवून डोळे मिटून उभ्या होत्या, दमलेल्या. घरचीच साडी आहे, कशाला दुखवा, असं मनात आलं. म्हणालो, "नाही बुवा सापडत."

पहिलं खोटं सोपं गेलं. दिवाळीपर्यंत मी ते आणखी पाच वेळा बोललो, तेही दुसऱ्यांच्या कापडांबद्दल. वर स्वतःला मी दयाळू समजत होतो.

डिसेंबरात ताईंना सुईचं नेढं दिसेना. तपासणीत निघालं, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक आहे. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे आजवरचं सगळं काम उजव्यावरच होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, डोळ्यात गॅस भरू, नजर येईल. पण बारीक काम पुन्हा जमेल का, ते आत्ता सांगता येत नाही. आणि म्हणाले, चार-सहा महिने आधी यायला हवं होतं.

पायरीवर बसून ताईंनी मला हे सगळं सांगितलं. मी "असं, असं" म्हणत साड्यांच्या घड्या घालत राहिलो. एकच घडी मी तीनदा मोडून घातली.

ताई मात्र खमक्या. "भोकच आहे ना? भरतात भोकं," म्हणाल्या आणि टपरीला कुलूप लावून गेल्या.

ऑपरेशननंतर सात दिवस मान खाली घालून राहायचं होतं, जेवताना आणि झोपतानासुद्धा, म्हणजे गॅसचा दाब नेमका भोकावर राहतो. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, जमेल ना? ताई म्हणाल्या, "आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?" त्यांची मुलगी शबनम घड्याळ लावून डोळ्यात थेंब घालायची. महिनाभर नजरेच्या तळाशी एक फुगा डुगडुगत होता आणि हळूहळू लहान होत होता. त्यातच साताऱ्याला भाचीचं लग्न आलं. डॉक्टरांनी घाट चढायला मनाई केली, वर गेलं की गॅस फुगतो म्हणे. ताईंनी फोनवरून भाचीला आशीर्वाद दिला आणि नवऱ्या मुलाची उलटतपासणीही फोनवरूनच घेतली.

फुगा विरला तसं त्यांनी नजरेची स्वतःची एक परीक्षा काढली. रोज सकाळी मोरीच्या फरशांच्या रेघा बघायच्या. आधी त्या मधेच वाकायच्या, मग थोड्या कमी. एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला, "भाऊ, फरशी सरळ झाली." मला खरंच आनंद झाला. भीतीही वाटली.

मे महिन्यात धायरीच्या एका कार्यालयात आमच्या मुलाचा, सार्थकचा, साखरपुडा होता. ताई नवा चष्मा लावून आल्या. हेमा त्यांना पेढा द्यायला पुढे झाली आणि ताईंची नजर तिच्या खांद्यावर थांबली. हेमा हौसेनं तीच मोरपिशी पैठणी नेसली होती.

"वहिनी, हे कुणी केलं?"

"अहो, तुम्हीच नाही का!" हेमा हसून म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली.

ताईंनी पेढा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला दिसलं होतं?"

खोटं बोलायची आणखी एक संधी होती. बोललो नाही. "दिसलं होतं," म्हणालो. "त्याच दिवशी."

"श्रावणात." त्यांनी बोटांवर महिने मोजले. डिसेंबरपर्यंत पोचल्यावर बोटं मिटली. "मी तुमच्या डोळ्यांवर चालत होते, भाऊ." एवढंच म्हणाल्या आणि जेवायला न थांबता गेल्या. लोकांसमोर त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आठ दिवसांनी टपरी उघडली. मी चहा घेऊन गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा घेतला. "काम द्या," म्हणाल्या.

टपरी बंद असताना माझ्याकडे आलेलं एक काम होतं, आणि ते नेमकं सरोजिनीबाईंचं. या बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सबंध बोळ त्यांना टरकून असतो. त्यांच्या लग्नातल्या जांभळ्या शालूला उदबत्तीनं रुपयाएवढं भोक पाडलं होतं. इतकं अवघड काम नको, आधी एखादी सुती साडी करा, असं मी सुचवलं. ताईंनी शालू ओढून घेतला. हे जमलं नाही तर टपरी सोडायची, असं त्या शबनमला सांगून आल्या होत्या. शबनमनंच मला ते गुपचूप सांगितलं.

पंधरा दिवसांनी शालू काउंटरवर आला. "शोधा" म्हणाल्या, "भाऊ" म्हणाल्या नाहीत. मी शोधला. सापडला. बोट ठेवून म्हणालो, "इथे." ताईंनी शालू उचलला आणि घरी न्यायची वाट न बघता तिथेच रफू उसवला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा पुन्हा सापडला, फक्त एक धागा वर आला होता. तरीही मी "इथे" म्हणालो. त्यांनी भिंगाखाली तो धागा बघितला आणि मान हलवली. मला वाटतं, तेव्हापासून त्यांचा माझ्यावरचा राग थोडा उतरायला लागला.

तिसऱ्यांदा मी अर्धा तास शोधला. दारात नेऊन, दिव्याखाली धरून, उलटून, नखानं चाचपून. शेवटी म्हणालो, "नाही सापडत, ताई."

त्या म्हणाल्या, "श्रावणातही हेच म्हणाला होतात."

माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती. तेवढ्यात सरोजिनीबाई पायरी चढून आल्या. ताईंनी रिवाज मोडला आणि माझ्या शब्दावर न थांबता शालू सरळ त्यांच्यासमोर पसरला. "बाई, बघून घ्या."

बाईंनी चष्मा बदलला. शालू दोन वेळा सबंध उलगडला, खुर्ची दारात ओढून पुन्हा तपासला. चेहरा लाल होत गेला. मग शालू काउंटरवर ठेवून त्या माझ्यावर कडाडल्या, "अहो, लाज नाही वाटत? ही माझी साडी नव्हे! माझ्या शालूला भोक होतं. बदललीत तुम्ही!"

मी शपथा घेतल्या, पावती दाखवली, कोपऱ्यातली त्यांच्या नावाची दोऱ्याची खूण दाखवली. खूण बघून त्या वरमल्या. "मग भोक गेलं कुठे?" त्यांनी ताईंना विचारलं.

"ते मी सांगत नसते," ताई म्हणाल्या.

बाई शालू छातीशी धरून गेल्या. ताईंनी डोळे पुसायला हात वर नेला, डोळा चोळायचा नाही हे आठवून तो खाली घेतला, आणि गालावरून पाणी तसंच वाहू दिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलला होतात."