निळ्यातली पिवळी झाक

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे रंगवाले म्हणतात. कारखाना शोभेच्या दारूचा. मी कागदाच्या नळ्या वळते आणि हे आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांचे रंग करतात. सत्तावीस वर्षं झाली. लाल, हिरवा म्हणजे ह्यांच्या डाव्या हातचा मळ. लालाला स्ट्राँशियम, हिरव्याला बेरियम, बिचारे सांगितलं ऐकतात. निळा मात्र महाहट्टी. ज्वाळेत तांब्याची आणि क्लोरीनची जोडी जमली तरच तो दिसतो. आच जरा वाढली की जोडी मोडते, कमी पडली की नुसता धुगधुगतो.

त्यात मालकीणबाईंनी बजावलं, महिनाअखेर निळा जमला नाही तर बाहेरून तयार आणू, तुम्ही खोकी भरायला या. रंगवाल्याने खोकी भरायची! पाच महिने हे त्या एका निळ्यापायी झुरत होते आणि मला छळत होते.

रंगाची चाचणी काळ्या पडद्यांच्या खोलीत होते. हे आत जाऊन छोटीशी गोळी पेटवायचे आणि तोंड पाडून बाहेर यायचे. "पिवळट आहे." की ते मिश्रण बाद. पिवळट म्हटलं की आमच्या धंद्यात एकच चोर आठवतो, मीठ. त्यातलं सोडियम इतकं आगाऊ की कणभर पडलं तरी बाकीच्या रंगांना झाकून टाकतं. आणि घामात मीठ असतंच. झालं! ह्यांनी चाळण्या बदलल्या, पाणी बदललं, हातमोज्यांवर हातमोजे चढवले. दुसऱ्याचा घाम नको म्हणून खोलीत कुणाला पाऊल टाकू देईनात. घाम खारट येऊ नये म्हणून घरी अळणी जेवायला लागले.

एकदा तर म्हणाले, "अगं, माझ्या कपड्यांच्या घड्या तूच घालतेस ना? तुझ्याच हाताचं मीठ लागत असणार."

"वा! अळणी रांधायचं मी आणि चोरही मीच का?" दोन दिवस मी बोलले नाही.

शेवटच्या दिवशी मालकीणबाई स्वतः बघायला आल्या. त्यांना अडवणार कोण? त्यांच्या मागोमाग मीही घुसले. ह्यांनी गोळी पेटवली. अगंबाई! इतका स्वच्छ, गडद निळा मी जन्मात पाहिला नव्हता.

"हाच की हो!" बाई म्हणाल्या.

हे म्हणाले, "नाही बाई, पिवळट आहे. खोटं कशाला बोलू?"

सत्तावीस वर्षांच्या नजरेपुढे त्या तरी काय बोलणार? "तुम्हीच नाही म्हणताय तर राहिलं," म्हणून निघून गेल्या. माझं डोकंच फिरलं. ह्यांना दंडाला धरून मी माझ्या टेबलापाशी उजेडात आणलं आणि नळ्यांच्या कागदाचे दोन तुकडे समोर धरले. एक फिका निळा, एक राखाडी.

"यातला निळा कुठला?"

"चेष्टा करतेस का? दोन्ही राखाडीच आहेत."

मी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर तपकिरी धुरकटपणा. माझ्या आईचं असंच झालं होतं, तिलाही निळं दिसेनासं झालं होतं.

"अहो, मोतीबिंदू आहे हा. मिठाचा काही दोष नाही. पिवळी झाक तुमच्या डोळ्यांत आहे, तुम्हालाच निळा दिसत नाहीये."

ते खुर्चीत बसले. मी म्हटलं, "ऑपरेशन करून टाकू, साधं असतं. आत्ता बाईंना गाठते, आजच्या गोळीचं प्रमाण आहे ना तुमच्याकडे?"

त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणाले, "मग आजवर मी जे रंग फेकले, त्यातले निळे किती होते गं?"

"मला काय माहीत?" मी ओरडलेच. "पाच महिने दारात उभं केलं नाहीत आणि आता मला विचारता?"

"मग कुणाला विचारू?" ते म्हणाले.